ओळखीची वहिवाट

फ्लॉरिडातील 'मॅजिक किंगडम' हे डिस्ने कंपनीचे उद्यान १ ऑक्टोबर १९७१ रोजी लोकांना खुले झाले, तेव्हापासून त्याच्या पश्चिम अंगाला एक नदी होती. ती माणसांनी खणलेली होती, तिला उगम नव्हता की मुख नव्हते, आणि तिच्यातून फिरणारी 'लिबर्टी बेल' ही वाफेची चाकबोट पाण्याखाली दडवलेल्या रुळावरून चालत असे. तरीही मिसिसिपीच्या आठवणीने रचलेल्या त्या पाण्याच्या काठी, मार्क ट्वेनच्या टॉम सॉयरचे नाव दिलेल्या बेटासमोर, अर्धशतकाहून अधिक काळ माणसे येऊन बसत, प्रथम आईबापांचे बोट धरून, पुढे स्वतःच्या मुलांना घेऊन, आणि कित्येक तर नातवंडांसह. ६ जुलै २०२५ हा त्या नदीचा शेवटचा दिवस ठरला. तिच्या जागी आता खडकाळ डोंगर आणि 'कार्स' या चित्रपटातील मोटारींची धाव येणार आहे. हा निर्णय जाहीर झाल्यापासून तेथे वर्षानुवर्षे येणाऱ्यांनी जे दुःख बोलून दाखवले, त्याकडे बाहेरच्या जगाने थोड्या कौतुकाने आणि बऱ्याचशा उपेक्षेने पाहिले. मला ते दुःख गंभीर विचारास पात्र वाटते. धर्मविचाराला फार पूर्वीपासून पडलेला एक प्रश्नच त्याच्या रूपाने पुन्हा उभा राहिला आहे.

प्रश्न असा, की जी वस्तू आपल्या मालकीची नाही आणि जी नश्वर आहे हे आपल्याला पुरते ठाऊक आहे, तिच्या पालटण्याने होणारे दुःख निव्वळ मोहाचे फळ म्हणून टाकून द्यावे, की त्यात काही न्याय्य मागणीही असू शकते?

यावर दोन उत्तरे तत्काळ मिळतात. व्यवहारी माणूस म्हणतो, जमीन कंपनीची, भांडवल कंपनीचे, तिकीट काढून आत गेलात तो दिवस तुम्हांला मिळाला, तेथे हिशेब संपला. विरक्त माणूस म्हणतो, जे जे उत्पन्न होते ते ते नाश पावते, मग एका खणलेल्या नदीचा शोक कसला? दोन्ही उत्तरे खरी आहेत, आणि दोन्ही उत्तरे फिर्याद पुरती ऐकून घेण्यापूर्वीच दिलेली आहेत.

फिर्यादी पक्षाची पहिली अडचण खुद्द संस्थापकानेच निर्माण करून ठेवली आहे. कॅलिफोर्नियातील अॅनाहाइम येथे संत्र्यांच्या बागा तोडून उभारलेले पहिले 'डिस्नेलँड' १७ जुलै १९५५ रोजी उघडले, आणि हे उद्यान कधीच पुरे होणार नाही, जगात कल्पनाशक्ती शिल्लक आहे तोवर ते वाढतच राहील, असा वॉल्ट डिस्ने यांचा आग्रह होता. चित्रपट एकदा हातावेगळा झाला की त्याला कात्री लावता येत नाही, उद्यानाला मात्र लावता येते, याचे त्यांना समाधान वाटे. तेव्हा परिवर्तन हा या जागेचा स्वभावधर्मच आहे, हे मान्य केल्यावाचून गत्यंतर नाही. पण त्याच दिवशी त्यांनी जो अर्पणलेख वाचला, त्यात वृद्धांना येथे गतकाळाच्या स्मृतींचा पुन्हा लाभ होईल आणि तरुणांना भविष्याच्या आव्हानाची चव चाखता येईल, अशा आशयाचे आश्वासनही होते. आणि प्रवेशद्वारातून आत जाताच जो रस्ता लागतो, तो त्यांच्या बालपणीच्या छोट्या अमेरिकन गावाच्या आठवणीवर बेतलेला होता. एकाच सनदेत दोन कलमे होती. त्यांतले एक कंपनी वारंवार वाचून दाखवते. दुसरे जुन्या लोकांच्या स्मरणात आहे.

आता विरक्ताच्या उत्तराकडे वळू, कारण ते अधिक खोल आहे. अनित्यतेचा विचार आपल्या देशात बौद्धांनी जितका कठोरपणे केला तितका अन्य कोणी केला नाही. नागसेनाने मिलिंद राजाला दाखवून दिले, की चाक, आस, जू यांच्यापलीकडे 'रथ' म्हणून काही वेगळे सापडत नाही. आणि रात्रभर जळणाऱ्या दिव्याच्या उदाहरणाने असेही समजावले, की शेवटच्या प्रहरीची ज्योत पहिल्या प्रहरीची नव्हे, तरी तिच्याहून सर्वस्वी निराळीही नव्हे. पुढे रत्नकीर्तीसारख्या बौद्ध पंडितांनी, कोणतीही वस्तू एका क्षणापलीकडे टिकत नाही हा क्षणभंगवाद तर्काने सिद्ध करण्याचा प्रयत्न केला, आणि 'आत्मतत्त्वविवेक' लिहून उदयनाचार्यांनी त्याचा प्रतिवाद केला. उदयनाचार्यांसारख्या नैयायिकांचे एक मुख्य शस्त्र प्रत्यभिज्ञेचे होते: काल पाहिलेल्या वस्तूकडे आज बोट दाखवून 'हीच ती' असे आपण म्हणतो, आणि वस्तू टिकत नसती तर हे म्हणणे शक्य झाले नसते. बौद्धांचे उत्तर असे, की कापलेले केस पुन्हा वाढतात तेव्हाही आपण 'तेच केस' म्हणतो. तेथे ऐक्य नाही, सादृश्य आहे, आणि एका क्षणाने दुसऱ्या क्षणाला जन्म देत पुढे नेलेला संतान, म्हणजे अखंड प्रवाह आहे.

या वादाचा निकाल येथे लावण्याची गरज नाही, कारण आपल्या प्रश्नापुरते दोन्ही पक्ष एकाच ठिकाणी येऊन पोचतात. जुन्या येणाऱ्यांनी द्रव्य तेच राहावे अशी मागणी कधी केलेलीच नाही. १९६७ साली सुरू झालेल्या 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन' या नौकाविहारातील यांत्रिक चाच्यांचे सांधे, कातडे, कपडे, रंग कितीदा बदलले गेले असतील. त्याबद्दल कोणी शोक केल्याचे ऐकिवात नाही, उलट डागडुजी झाली नाही तरच तक्रार होते. ज्योतीने ज्योत पुढे न्यावी, एवढेच त्यांचे म्हणणे असते. नैयायिकाच्या भाषेत 'हीच ती' म्हणण्याची सोय राहावी, बौद्धाच्या भाषेत संतान तुटू नये. प्रवाहातील पालट ही एक गोष्ट आहे आणि प्रवाहाचा छेद ही दुसरी. आणि दोहोंना 'अनित्यता' या एकाच सदरात टाकणारा माणूस बुद्धाचे नाव घेत असला तरी बुद्धाइतका सूक्ष्म विचार करीत नाही.

स्वतः तथागतांनी या बाबतीत जे केले ते मला फार अर्थपूर्ण वाटते. महापरिनिर्वाणाच्या वेळी, सर्व संस्कार नाशवंत आहेत हे शिष्यांना पुन्हा एकदा सांगत असतानाच, जन्म, बोधी, पहिले प्रवचन आणि परिनिर्वाण यांची चार स्थाने श्रद्धावंताने पाहावीत, असेही त्यांनी आनंदाला सांगितले. अनित्यतेचा एवढा मोठा उपदेशक भूमीच्या चार तुकड्यांना दर्शनीय ठरवतो, आणि दाराला टेकून रडणाऱ्या आनंदाला जवळ बोलावून त्याच्या सेवेची प्रशंसा करतो! माणसाची स्मृती निराधार राहू शकत नाही, तिला टेकायला जागा लागते, हे त्या महापुरुषाने ओळखले होते. आपण कोण होतो याची साक्ष आपली आपल्याला पुरत नाही. जेथे आपण होतो ती जागा ती साक्ष देते. ज्या कठड्याशी उभे राहून एखाद्याने आपल्या वडिलांना शेवटचे निरोगी पाहिले, तो कठडा गेला की वडील पुन्हा जात नाहीत हे खरे. परंतु त्या दिवसाचा एक साक्षीदार नाहीसा होतो, आणि साक्षीदार गेल्याचे दुःख खोटे नसते.

येथे व्यवहारी माणूस पुन्हा आपला मुद्दा मांडील: दुःख खरे असेल, पण त्यामुळे हक्क कोठून आला? आपल्याकडे कोणाच्या शेतातून गावाची पायवाट पिढ्यान्‌पिढ्या गेलेली असली, तर तिला वहिवाट म्हणतात, आणि १८८२ च्या ईझमेंट कायद्याने अखंड वीस वर्षांच्या, उघड आणि हक्काने केलेल्या वापराला मान्यता दिली आहे. त्या वाटेने जाणारा शेताचा मालक होत नाही. मालकाने शेत नांगरावे, पीक बदलावे, विहीर खणावी. मात्र वाट बंद करू नये. आता कायद्याची दृष्टी असेल त्याला लगेच दिसेल, की परवानगीने केलेल्या वापराने असा हक्क निर्माण होत नाही. आणि तिकीट काढून आत शिरणे म्हणजे दर खेपेस मालकाची परवानगी मागणे, त्याचा हक्क नव्याने कबूल करणे होय. दिवाणी न्यायालयात हा दावा पहिल्याच सुनावणीत फेटाळला जाईल. परंतु तिकिटाने जे विकत घेतले गेले ते एका दिवसाचे मनोरंजन होते. वर्षानुवर्षांच्या येण्याजाण्याने त्या जागेवर जो अर्थ साठत गेला तो कोणत्याही तिकिटावर छापलेला नव्हता, तो कंपनीने निर्माण केला नव्हता, आणि तरीही त्याच अर्थाच्या आकर्षणावर कंपनीने पुढच्या पिढीला तिकिटे विकली. जो दुसऱ्याच्या स्मृतीचे उत्पन्न खातो, त्याच्यावर त्या स्मृतीचे काही ऋण चढते. हे ऋण कायद्याच्या दफ्तरात नसले तरी धर्माच्या दफ्तरात आहे, अशी माझी श्रद्धा आहे. आणि ते फेडण्याची रीत वहिवाटीच्या नियमातच सांगितली आहे: शेत तुझे, पण वाट ठेव.

वाट ठेवून बदल करता येतो याचे उदाहरण त्याच कंपनीच्या कॅलिफोर्नियातील उद्यानात आहे. तेथेही नदी होती, तेथेही टॉम सॉयरचे बेट होते. 'स्टार वॉर्स'चा नवा विभाग उभारण्यासाठी २०१६ च्या जानेवारीत ती नदी बंद करण्यात आली, तिचा मार्ग आखूड केला गेला, आणि २०१७ च्या उन्हाळ्यात ती पुन्हा वाहती झाली. पूर्वीची नदी मोठी होती असे म्हणणारे आजही आहेत. पण काठावर उभे राहून 'हीच ती' असे त्यांना अजून म्हणता येते.

याच्या उलट गोष्ट टोडची. केनेथ ग्रॅहम यांच्या कादंबरीतील उतावळ्या बेडकाच्या नावाची, बेफाम मोटारीची सफर मॅजिक किंगडममध्ये पहिल्या दिवसापासून होती. १९९७ च्या ऑक्टोबरात एका स्थानिक वृत्तपत्राने ती बंद होणार असल्याची बातमी दिली. माणसे हिरवे सदरे घालून उद्यानात शांतपणे निषेधाला जमू लागली. कंपनीने मात्र अधिकृत दुजोरा दिला तो शेवटचे काही दिवस उरले असताना, आणि ७ सप्टेंबर १९९८ रोजी सफर संपली. तिच्या जागी 'विनी द पू' आला. त्या नव्या सफरीत आत एका भिंतीवर चित्र आहे, त्यात टोड आपल्या जागेचा दस्तऐवज घुबडाच्या हाती सोपवताना दिसतो. ते चित्र ज्या कारागिरांनी तेथे लावले त्यांना धर्म कळत होता, असे मला वाटते. मालकाने वर्षभर मौन पाळले, पण हाताने काम करणाऱ्यांनी कबजा कोणाकडून कोणाकडे गेला याची नोंद भिंतीवर करून ठेवली.

परंतु सर्वांत विलक्षण शोक मला 'होरायझन्स'चा वाटतो. वॉल्ट डिस्ने यांच्या मनात 'एप्कॉट' हे खरेखुरे नगर होते, जेथे माणसे राहतील आणि उद्याचे जीवन आजच जगून पाहतील. १५ डिसेंबर १९६६ रोजी ते वारले, आणि १९८२ साली त्या नावाने जे उघडले ते नगर नव्हते, प्रदर्शनवजा उद्यान होते. त्या मूळ स्वप्नाचा सर्वांत जवळचा अवशेष म्हणजे १ ऑक्टोबर १९८३ ला सुरू झालेली 'होरायझन्स' ही सफर. वाळवंटात फुलवलेल्या शेतीच्या देखाव्याजवळून जाताना संत्र्यांचा सुगंध येई. समुद्रतळावरची वसाहत दिसे, अंतराळातील घरे दिसत. आणि शेवटी कोणत्या मार्गाने परतायचे हे प्रवाशांनीच बटण दाबून ठरवायचे असे. जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे प्रायोजकत्व १९९३ साली संपले, पुरस्कर्त्यावाचून सफर कशीबशी चालू राहिली, आणि ९ जानेवारी १९९९ रोजी ती बंद होऊन पुढे इमारतच जमीनदोस्त करण्यात आली. येथे कोणी दुखावले गेले नव्हते, कोणाची तक्रार नव्हती, केवळ खर्चाचा भार उचलणारा उरला नव्हता. गेलेल्या काळाबद्दल हळहळणारी माणसे आपण नेहमी पाहतो. ही माणसे न आलेल्या काळाबद्दल हळहळत होती: बालपणी ज्या भविष्यावर त्यांनी विश्वास ठेवला, आणि ज्यात विज्ञान, कुटुंब आणि सद्भाव एकत्र नांदणार होते, त्या भविष्याचे एकमेव दृश्य ठिकाण पाडले गेले. अशा आशेला धर्माच्या भाषेत श्रद्धा म्हणतात, आणि श्रद्धास्थान पाडणाऱ्याने निदान ते काय होते हे जाणून हात घालावा, एवढी अपेक्षा अवाजवी नव्हे.

पण वहिवाटीलाही मर्यादा आहे. दुसऱ्याच्या उंबऱ्यावरून तुडवत गेलेली वाट कितीही जुनी असली तरी ती हक्क देत नाही. 'स्प्लॅश माउंटन' या जलप्रपाताच्या सफरीची कथा १९४६ च्या 'साँग ऑफ द साउथ' या चित्रपटातून घेतलेली होती. मळ्यांवरील कृष्णवर्णीयांच्या जीवनाचे त्यातील गोड चित्रण अन्यायकारक आहे, असा आक्षेप त्यांच्या संघटनेने त्याच वर्षी घेतला होता, आणि खुद्द कंपनीनेही तो चित्रपट अमेरिकेत घरगुती वापरासाठी कधी विक्रीस काढला नाही. २०२३ च्या जानेवारीत फ्लॉरिडातील ती सफर बंद झाली, तेव्हा तिचे पाणी बरण्यांत भरून विक्रीला मांडल्याच्या बातम्या आल्या आणि जग हसले. ज्यांच्या घरी गंगोदकाचा मोहोरबंद गडू देवघरात ठेवलेला असे, त्यांनी तरी हसू नये. आवडत्या स्थळाचे पाणी घरी न्यावेसे वाटणे ही मनुष्याची फार जुनी आणि निर्मळ वृत्ती आहे. मात्र एवढे म्हटल्यानंतर हेही म्हटले पाहिजे, की येथे बदल योग्यच होता; ज्यांचा अपमान होत होता त्यांची फिर्याद, ज्यांना आनंद होत होता त्यांच्या आठवणीहून आधी दाखल झालेली होती. २०२४ साली त्याच पाटांतून, त्याच उतारावरून टियाना या कृष्णवर्णीय राजकन्येची कथा वाहू लागली. प्रपात राहिला, कथा पालटली: येथेही वाट ठेवली गेली, आणि ती अधिक लोकांसाठी मोकळी झाली.

पुरीच्या जगन्नाथाचा नवकलेवर विधी या सर्व प्रकरणावर जो प्रकाश टाकतो तो मला अन्यत्र मिळाला नाही. १९७७, १९९६ आणि २०१५ या वर्षी तेथे काष्ठमूर्ती बदलण्यात आल्या. लक्षणे पाहून कडुनिंबाचे वृक्ष निवडतात, नव्या मूर्ती घडवतात, आणि डोळ्यांवर पट्टी बांधलेले सेवक रात्रीच्या अंधारात जुन्या मूर्तीतील ब्रह्मपदार्थ नव्या मूर्तीत ठेवतात. देव तोच राहिला अशी सर्वांची निष्ठा असते. आणि तरीही जुन्या मूर्तींना कोइली वैकुंठात समाधी दिल्यावर दैतापती सेवक घरातले माणूस गेल्याप्रमाणे सुतक पाळतात. तत्त्व अबाधित राहिले म्हणून कलेवराचा शोक करू नये, असे त्या परंपरेने म्हटले नाही. आणि कलेवराचा शोक होतो म्हणून नवे घडवू नये, असेही म्हटले नाही. आधुनिक संस्थांजवळ नवे घडवण्याची तजवीज भरपूर असते, सुतक पाळण्याची मात्र मुळीच नसते. जुने जाताना ते गेले असे मोकळेपणाने म्हणावे, वेळेवर जाहीर करावे, लोकांना येऊन भेटून जाऊ द्यावे, या गोष्टींना खर्च फारसा नाही. आपल्याकडे मुंबईजवळ गोराईला १९८९ साली सुरू झालेले, शाळांच्या सहलींनी आणि खाडीपलीकडच्या बोटींच्या गर्दीने कित्येक वर्षे गजबजलेले एस्सेलवर्ल्ड कोरोनाच्या साथीनंतर बंद पडले. ज्यांचे बालपण तेथे गेले त्या हजारो मराठी घरांत हळहळ झाली, पण ती व्यक्त करायला ना जागा होती ना दिवस.

जुन्या लोकांकडेही एक कर्तव्य उरते. आज मोटारींच्या डोंगराकडे धावत जाणारे मूल हे अतिक्रमण करणारे नव्हे. तेही आपल्या आयुष्याची पहिली साक्ष तेथेच नोंदवणार आहे, आणि ती साक्ष जुन्या नदीच्या साक्षीइतकीच पवित्र असणार आहे. त्याच्यासमोर त्या जागेची निंदा करणे म्हणजे त्याची वाट सुरू होण्यापूर्वीच बंद करणे होय.

मला स्वतःला सर्वांत अधिक चिंता वाटते ती मात्र दुसऱ्याच एका बदलाची, ज्याच्याबद्दल शोक कमी आणि कुरकुर अधिक ऐकू येते. १९५५ साली अॅनाहाइमच्या दारावर मोठ्या माणसाला एक डॉलर पडे, आतल्या सफरींची तिकिटे वेगळी. आज गर्दीच्या दिवशी तेथील एका दिवसाचा प्रवेश दोनशे डॉलरांच्या वर गेला आहे. किमती वाढतात, ते एक वेळ सोडून देऊ. परंतु १९९९ पासून तिकीटधारक कोणीही असो, त्याला सफरीची वेळ आगाऊ राखून ठेवणारी चिठ्ठी विनामूल्य मिळत असे. २०२१ पासून त्या सवलतीचे पैसे पडू लागले, आणि एकाच दारातून आत आलेल्या माणसांच्या दोन रांगा झाल्या. आपल्या देवळांत पैसे घेऊन वेगळी दर्शनरांग निघते तेव्हा भाविकाला जे लागते ते पैशाचे नसते. देवापुढे उभे राहताना तरी सारखे असू, या एकमेव ठिकाणच्या समतेला तडा गेल्याचे असते. उद्यान हे देऊळ नव्हे. पण त्याच्या रांगेत मजूर आणि कारखानदार, दोघांची मुले एकाच उत्सुकतेने, एकाच उन्हात, एकाच गतीने पुढे सरकत असत, आणि ज्या देशात माणसे क्वचितच एकत्र उभी राहतात तेथे हे दृश्य लहान नव्हते. नदी बुजवली तर उद्या दुसरीकडे खणता येईल. रांग दुभंगली तर ती पुन्हा एक करण्यासाठी कोणाला तरी आपले उत्पन्न सोडून द्यावे लागेल, आणि तसा हुकूम काढणारा अधिकारी त्या कंपनीत आज तरी मला दिसत नाही.